सेराफीनची ओळ

इनास मास्तरांचे बोट सेराफीनच्या खांद्यावर टेकले आणि ती ओळीच्या मधोमध गप्प झाली.

पायपेटीचा सूर तसाच लांबत राहिला. एक ठोका गेला. दुसरा पुरा होण्याआधीच मी तिची ओळ जिथे तुटली होती तिथून उचलली आणि माझ्या खालच्या, काहीशा जाड आवाजात शेवटच्या शब्दापर्यंत नेऊन ठेवली.

"पाहिलंत?" मास्तर इतरांकडे वळून म्हणाले. "ती का थांबली, हे दुमिंगने विचारलं नाही. शब्द विसरला, ठसका लागला, काहीही असो. शेजाऱ्याने ओळ उचलायची. नाटकात नट विसरला की लोक हसतात. पण हे नाटक नाही. ही प्रार्थना आहे, आणि एक जण अडखळला म्हणून प्रार्थना थांबत नाही."

"तो विचारणार कसा, मास्तर?" पेटीवर बसलेला बस्त्याव म्हणाला. "पोरीशी बोलण्यापेक्षा गाऊन टाकलेलं त्याला सोपं."

शाळेच्या त्या वर्गात बसलेले वीस-बावीस गाणारे हसले. सेराफीनही हसली. मी वहीत डोके घातले. बस्त्यावची पानवेलीची बाग होती. दिवसभर विड्याची पाने खुडून हिरवट झालेल्या बोटांनी तो संध्याकाळी पेटी वाजवत असे, आणि ती बोटे चालू असली की त्याचे तोंडही चालू असे.

ही नऊ वर्षांपूर्वीची, ईस्टरआधीच्या उपवासकाळातली गोष्ट. वसईच्या किनाऱ्यालगतचा आमचा गाव. चहूकडे केळीच्या बागा आणि मधोमध चर्च. मी बावीस वर्षांचा होतो, पोस्टात कारकुनी करत होतो, आणि बोलण्याची वेळ आली की माझी जीभ जड होत असे. गाताना मात्र ती मोकळी व्हायची, कारण गाण्यातले शब्द दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेले असतात.

मास्तर चर्चच्या शाळेत शिकवत आणि चर्चचा गायकवृंदही तेच चालवत. तरुणपणी ते पाद्री होण्यासाठी शिकले होते. ते शिक्षण अर्धवट सुटले, पण लॅटिन राहिले. चर्चच्या कपाटात त्यांना एक हस्तलिखित वही सापडली होती. कधी काळी एखाद्या इटालियन मिशनऱ्याने ती मागे ठेवली असावी. पहिले पान नव्हते, त्यामुळे संगीत कुणाचे ते कुणालाच सांगता येत नव्हते. दोन वर्षे खपून मास्तरांनी ते शब्द मराठीत आणले.

"ऑरेतोरियो म्हणजे काय हो, मास्तर?" पहिल्याच दिवशी बस्त्यावने विचारले होते. "पोटदुखीवरचं औषध वाटतं."

"प्रार्थनेची खोली," मास्तर म्हणाले. "चारशे वर्षांपूर्वी रोममधला एक पाद्री संध्याकाळी दुकानदार, सुतार, कारकून अशा माणसांना एका खोलीत जमवायचा. प्रार्थना व्हायची, चार सोपी गाणी व्हायची, मधे प्रवचन, मग पुन्हा गाणी. गाण्यासाठी आलेली माणसं प्रवचनाला थांबायची. पुढे त्या गाण्यांत गोष्टी आल्या, गोष्टींत पात्रं आली. उपवासकाळात तिथली नाटकघरं बंद ठेवत, तेव्हा मोठमोठे संगीतकार या खोलीकडे वळले. पण खोलीचा नियम राहिला. वेश नाही, पडदा नाही, हातवारे नाहीत. आणि दोन भागांच्या मधे प्रवचन. शेवटी त्या खोलीचंच नाव गाण्याला पडलं."

"म्हणजे कीर्तनच की. फक्त बुवा मधेच बोलतो."

"तसं म्हण."

"आणि बुवा आपले फादर एलायस? मग मास्तर, दुसऱ्या भागाला लोकांना शिदोरी घेऊन यायला सांगा."

गोष्ट पवित्र शास्त्रातली, जुनी आणि क्रूर होती. एक सेनापती युद्धाला निघताना देवाला शब्द देतो: विजयी होऊन परतलो, तर माझ्या दारातून प्रथम जे कोणी मला सामोरे येईल ते तुझे; त्याचा बळी देईन. तो जिंकतो. आणि डफ वाजवत, नाचत दारातून बाहेर येते ती त्याची एकुलती एक मुलगी. सेनापती मास्तर स्वतः गाणार होते. कन्या होती सेराफीन, त्यांची मुलगी. मी निवेदक. सर्वांविषयी सांगायचे आणि स्वतः कुठेच नसायचे, हे काम माझ्यासारख्याला साजेसे होते.

गावाला या वाटणीत विचित्र काही वाटले नाही. उलट ती तशीच असायला हवी असे सर्वांचे मत होते. तेरा वर्षांपूर्वी मास्तरांचा मुलगा राफेल बावखलात, म्हणजे बागांना पाणी पुरवणाऱ्या गावतळ्यात, पडला होता. तीन दिवस तो शुद्धीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर वेदीपुढे गुडघे टेकून नवस बोलले: मुलगा वाचला तर मुलगी देवाला देईन. त्याच संध्याकाळी राफेलने डोळे उघडले. सेराफीन तेव्हा सहा वर्षांची होती. आता ती एकोणीसची होती, राफेल मालवाहू जहाजावर खलाशी होता, आणि ईस्टरनंतर तिने मठात जायचे हे ठरले होते. ऑरेतोरियोच्या मधल्या प्रवचनात फादर एलायस ते सर्व गावासमोर जाहीर करणार होते.

त्या दिवशी तालमीनंतर आम्ही दोघे केळीच्या बागेतल्या पायवाटेने निघालो. आमची घरे एकाच बाजूला होती. ती पुढे, मी चार पावले मागे, नेहमीचेच अंतर.

"दुमिंग," ती मागे न वळता म्हणाली, "तुला एक सांगायचंय. तू कुणाला सांगणार नाहीस, ठाऊक आहे मला. तू कुणाला काही सांगतच नाहीस."

मी थांबलो.

"मला मठात जायचं नाही."

पाटाचे पाणी कुठेतरी वाहत होते.

"सिस्टर होणं वाईट, असं नाही म्हणत मी. माझी मावशी सिस्टर आहे. तिच्याइतकं आनंदी माणूस मी पाहिलं नाही. पण तिला हाक आली होती. मला नाही आलेली. बाबांना आलेली हाक मी कशी ऐकू?"

"त्यांना सांगितलंस?"

"दोनदा. पहिल्यांदा म्हणाले, भीती सगळ्यांनाच वाटते. दुसऱ्यांदा काही बोललेच नाहीत, राफेलचं पत्र काढून वाचत बसले." ती आता वळली. "राफेल समुद्रावर आहे, दुमिंग. वारा सुटला की आई माझ्याकडे बघते. कशी बघते, कळतंय ना तुला?"

मला कळले.

"मग तुला काय करायचंय? मठात नाही गेलीस तर?"

"तेही नीट ठाऊक नाही. ते कळायला वेळ तरी द्या म्हणते मी." ती थोडी हसली, मग तिचा आवाज खाली आला. "तू बोल बाबांशी. माझं ते ऐकतात मुलीचं म्हणून. तुझं ऐकतील. तुझ्यावर त्यांचा जीव आहे."

"बोलतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे ज्या विश्वासाने पाहिले, त्या विश्वासाला मी किती अपात्र होतो हे मला तेव्हाच कळायला हवे होते. ती मला किती प्रिय आहे, हे मी तोवर स्वतःलाही शब्दांत सांगितले नव्हते; मग तिच्या वतीने दुसऱ्याला काय सांगणार होतो?

रविवारी दुपारी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते ओटीवर बसून गाणाऱ्यांसाठी वह्या उतरवून काढत होते. आतल्या दारात सेराफीन हातात ताटली घेऊन उभी होती. ताटली केव्हाच कोरडी झाली असावी, तरी ती पुसत होती.

"मास्तर, थोडं बोलायचं होतं."

"बोल की. बस."

"म्हणजे… सेराफीनच्या…"

मी अडलो. वाक्य कसे पुरे करायचे ते मी वाटेत दहा वेळा घोकले होते. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मला मदत करावी म्हणून, निव्वळ मायेपोटी, वाक्य स्वतःच पुरे केले.

"दुसऱ्या भागातली तिची ओळ ना? मलाही खटकतंय. तिथे ती ताणून गाते. अर्धा सूर खाली घेऊ या?"

दारातला ताटलीचा आवाज थांबला होता.

"हो," मी म्हणालो. "अर्धा सूर."

"बघ, कान आहे तुला," मास्तर प्रसन्न होऊन म्हणाले आणि त्यांनी आत हाक दिली, "सेराफीन, दुमिंगला चहा आण." चहा तिच्या आईने आणून दिला.

पुढच्या तालमीत नव्या वह्या वाटल्या गेल्या. सेराफीनने तिची वही उघडली, ओळीवर बोट फिरवले आणि माझ्याजवळ येऊन इतक्या हळू विचारले की बस्त्यावलाही ऐकू गेले नाही.

"हे बोललास?"

त्यानंतर ती दुसऱ्या वाटेने घरी जाऊ लागली.

उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता चर्च भरले. प्रथेप्रमाणे सर्व मूर्तींवर जांभळे कापड चढवले होते. चेहरे झाकलेले ते संत आमच्याभोवती उभे होते आणि त्यांनी आमच्याकडे पाहू नये अशी व्यवस्था कुणीतरी करून ठेवली आहे असे मला वाटत होते. शेजारच्या गावांतून माणसे आली होती. पुढच्या बाकावर मठाच्या मुख्य सिस्टर आणि आणखी दोघी बसल्या होत्या. त्यांच्यामागे सेराफीनची आई, मांडीवर राफेलचे शेवटचे पत्र.

आम्ही वेदीच्या डाव्या हाताला अर्धवर्तुळात उभे होतो. मास्तर मधोमध, एका हाताने ठोके देत आणि स्वतः गात. पहिला भाग चांगला झाला. सेनापतीचा शब्द मास्तरांनी अगदी साधेपणाने गायला. तेरा वर्षांपूर्वी याच दगडी फरशीवर तो त्यांनी कसा उच्चारला असेल, हे सर्वांना ऐकू आले. मग विजय, मग डफाच्या तालावर मुलींचे गाणे, आणि दारातून बाहेर आलेल्या कन्येला पाहून सेनापतीचा तो एकच दीर्घ, उतरत जाणारा स्वर. तिथे पहिला भाग संपतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी पद्धतच नव्हती.

फादर एलायस प्रवचनाला उभे राहिले. ते चांगले गृहस्थ होते. कुणाच्या घरी आजारपण असले की सायकलवरून सर्वांत आधी तेच पोहोचत. विसाव्या मिनिटाला ते मुद्द्यावर आले.

"आपल्याही गावात एका पित्याने शब्द दिला होता," ते म्हणाले. "गोष्टीतल्या त्या पित्याला शस्त्र उचलावं लागलं. आपला देव इतका कठोर नाही. तो प्राण मागत नाही. तो फक्त आयुष्य मागतो. ईस्टरनंतरच्या पहिल्या सोमवारी आपली सेराफीन मठात प्रवेश करील. आणि आत्ता, दुसऱ्या भागात, त्या कन्येचं उत्तर आपण तिच्याच तोंडून ऐकणार आहोत."

चर्चभर हलकी कुजबुज उठली. काही बायकांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली. मुख्य सिस्टरांनी सेराफीनकडे पाहून मान लववली. मी तिच्याकडे चोरून पाहिले. ती वहीच्या पानाचा कोपरा दुमडत होती आणि पुन्हा सरळ करत होती.

दुसरा भाग सुरू झाला. सेनापतीने मुलीला नवसाची हकिकत सांगितली. मास्तरांचा आवाज एकदा फाटला, पण त्यांनी तो सावरला. मग माझी पाळी. मी गायलो: "तेव्हा कन्येने पित्याकडे पाहिले आणि ती म्हणाली."

बस्त्यावने सूर धरला. आता तिने गायचे होते: तात, दिलेला शब्द परत घेऊ नका, मी तयार आहे.

एक ठोका गेला.

दोन.

ती गायली नाही. मी मान वळवली. तिची वही मिटलेली होती. दोन्ही हातांनी ती छातीशी धरून ती सरळ मास्तरांकडे पाहत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

तीन. पायपेटीचा भाता कुरकुरत होता. पहिल्या बाकावर एक सिस्टर किंचित पुढे झुकली.

चार. मास्तरांचा हात हवेत होता, तिथेच थांबलेला. त्यांनी मला खूण केली नाही. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो: त्यांनी मला खूण केली नाही. ते तिच्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही होते जे मी कुठल्याच तालमीत पाहिले नव्हते.

पाच. कुणीतरी खोकले. बस्त्यावने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. इतक्या माणसांच्या मधोमध पसरत चाललेली ती शांतता माझ्या कानांत, छातीत, घशात शिरत होती. ती माझ्यामुळेच पडली आहे, आणि सर्व जण माझ्याकडेच पाहत आहेत, असे मला वाटू लागले.

सहा.

सातव्या ठोक्याला मी गायलो. "तात, दिलेला शब्द परत घेऊ नका, मी तयार आहे."

ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगे जाणवले नसणार. वेश नाही, हातवारे नाहीत. कन्या म्हणाली असे निवेदकाने सांगितले आणि ती काय म्हणाली तेही त्यानेच सांगितले. पहिल्या बाकावरची सिस्टर पुन्हा मागे टेकून बसली. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले, आणि त्यांचा हात पुढचा ठोका देऊ लागला. उरलेले सर्व गाणे सेराफीनने समूहाबरोबर उभे राहून, ओठ न हलवता पार पाडले.

"वाचवलंस रे!" संपल्यावर बस्त्यावने माझ्या पाठीत थाप मारली. "मला वाटलं, पोरगी घाबरून पडते आता. बोलता येत नाही, पण वेळेला उभा राहतोस हं."

ती मला चर्चच्या मागच्या दारापाशी भेटली. बाहेर अजून ऊन होते.

"तू विसरलीस, म्हणून मी…" मी सुरुवात केली.

"मी विसरले नव्हते."

"मला वाटलं—"

"तुला काही वाटलं नाही, दुमिंग. तुला भीती वाटली." ती रडत नव्हती. तिचा आवाज सपाट होता आणि म्हणूनच मला तो सहन होईना. "घरात बोलून झालं. तुला सांगून झालं. मग मी ठरवलं की एवढ्या माणसांसमोर गप्प उभं राहायचं. मला तेवढंच करता येण्यासारखं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. तेरा वर्षांत पहिल्यांदा. नवसाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. आणखी थोडा वेळ थांबला असतास तर?"

मी मास्तरांच्या दिशेने पाहिले.

"अजून वेळ गेलेली नाही," ती म्हणाली. "ते तिथे उभे आहेत. जा आणि सांग त्यांना. ती विसरली नव्हती, एवढंच सांग. तीन शब्द. पुढचं मी बघते."

मी गेलो. मास्तरांच्या भोवती फादर एलायस, तिन्ही सिस्टर आणि सेराफीनची आई असे सर्व उभे होते. मी जवळ जाताच मास्तरांनी मला मिठी मारली. त्यांचे गाल ओले होते. "पोरा," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पोरा, पोरा." आणि ते तीन शब्द मी त्यांना सांगितले नाहीत. मी मान वळवली तेव्हा सेराफीन मागच्या दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मग ती तिथे नव्हती.

ईस्टरनंतरच्या सोमवारी ती गेली. मी पोस्टात होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती.

मी गाणे सोडले. आवाज बिघडला असे सांगितले आणि कुणी शंका घेतली नाही. महिन्यातून एकदा तिचे पत्र येई. त्यावर गावाचा शिक्का मीच मारत असे, आणि पाकिटावरच्या तिच्या अक्षराला शाई लागू नये म्हणून कोपऱ्यात मारत असे. तिला खानदेशातल्या एका मिशनच्या दवाखान्यात पाठवले होते. दोन वर्षांपूर्वी तिची आई वारली तेव्हा ती एका दिवसासाठी आली. राफेल बोटीवरची नोकरी सोडून परदेशात स्थायिक झाला आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि त्याने पाठवलेल्या फोटोंत तो वर्षागणिक जाड होत जातो.

परवाच्या रविवारी मी मास्तरांकडे गेलो. हृदयविकारामुळे ते दोन महिने अंथरुणावर आहेत. शनिवारी आलेले तिचे पत्र मी स्वतःच नेऊन द्यावे असे मला वाटले होते. त्यांनी ते मलाच वाचायला सांगितले. बारा मे रोजी ती कायमची व्रते घेणार होती. आजवरची व्रते ठरावीक मुदतीची होती; ही आयुष्यभराची. तुमचा आशीर्वाद असावा, असे तिने लिहिले होते. बाकी हवापाण्याची चौकशी.

मास्तरांनी पत्र घेऊन उशीखाली ठेवले.

"तुला एक कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "देवाने तुझा उपयोग करून घेतला, दुमिंग."

"कसा?"

"त्या संध्याकाळी ती थांबली होती, आठवतं? मला वाटलं, ही मुद्दाम थांबली. आतून सगळा हललो मी. राफेल आठवला, पाण्यातून काढलेला. आणि समोर ही. मग मी तिथेच, हात वर असताना, दुसरा नवस बोललो. म्हटलं, देवा, आठ ठोके. आठ ठोके ही गप्प राहिली तर तू हिला सोडलंस असं मी समजेन. वही मिटेन आणि सगळ्यांसमोर सांगेन की माझी मुलगी जाणार नाही. राफेलचं जे व्हायचं ते होवो." त्यांनी श्वास घेतला. "सहा झाले. सातव्याला तू उचललीस. मग मला कळलं, ती नुसती विसरली होती. देवाने उत्तर दिलं. त्या दिवसापासून मी निश्चिंत झालो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. मास्तर माझ्याकडे वळले.

"विसरलीच होती ना रे ती?"

नऊ वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला विचारला नव्हता. होय म्हणणे अगदी सोपे होते. समोर एक आजारी म्हातारा होता, आणि एका शब्दात त्याची झोप शाबूत राहणार होती.

"नाही, मास्तर," मी म्हणालो. "तिने वही मिटली होती. आठच काय, ती शेवटपर्यंत गप्प राहिली असती."

"तुला काय ठाऊक?"

"तिनेच सांगितलं."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही मला मिठी मारलीत, त्याच्या थोडं आधी. तुम्हाला सांगायला तिनेच पाठवलं होतं मला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी मान खाली घातली नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी कुणाच्या नजरेसमोर एवढा वेळ टिकलो. ते ओरडतील, निघून जा म्हणतील, यासाठी मी तयार होतो.

"आज किती तारीख?" मास्तरांनी विचारले.

"चोवीस एप्रिल."

त्यांनी पांघरूण बाजूला सारले आणि खाटेची कड धरून उठून बसले.

"मास्तर, डॉक्टरांनी उठायला मनाई—"

त्यांनी ऐकलेच नाही. उशीखालचे पत्र काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातले, पाय खाली सोडले आणि ते पायांनीच चपला शोधू लागले. एक सापडली. दुसरी पार खाटेखाली गेली होती. मी गुडघ्यांवर बसलो, हात लांबवून ती बाहेर ओढली आणि त्यांच्या पायापुढे सरळ करून ठेवली.